रोझालीचं मालिश

हे बघा, आधीच सांगून ठेवतो. मी ही गोष्ट सांगत असताना मध्येच कुणी "मग कासव मेलं का?" असं विचारायचं नाही. नाही मेलं. संपला सस्पेन्स. आता चहा ओता आणि शांत बसा. कारण माझ्या हातून जे झालं, ते ऐकून तुम्ही मला "अरे पुष्कर, तू इंजिनियर आहेस ना?" असं विचारणार आहात. सगळेच विचारतात. आणि खरं सांगू? मला त्या सगळ्या प्रकाराचा अजूनही थोडा अभिमान वाटतो. थोडा म्हणजे बराच.

तर मी तेव्हा रेगेन्सबर्गला होतो. गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला. माझं काम काय, तर गाडीचं दार आणि बॉडी यांच्यातली फट मोजायची. केसभर जास्त भरली तरी मला नुसत्या नजरेनं कळायची. हे नीट लक्षात ठेवा, म्हणजे पुढे तुम्हाला माझी आणखी कीव येईल.

राहायला होतो फ्राऊ त्सिर्नगिबल यांच्या घरात, तळमजल्यावर. बाई सत्तरीच्या, एकट्या, ताठ. हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याबरोबर राहायची एकच व्यक्ती, रोझाली. रोझाली म्हणजे कासव. नवऱ्यानं लग्नानंतर आणून दिलेलं. नवरा गेला, रोझाली राहिली.

आता जर्मनीत कासव हिवाळ्यात कुठे ठेवतात, ठाऊक आहे? फ्रिजमध्ये! थट्टा करत नाहीये. मी थट्टा करतो हे मान्य, ऑफिसातल्या लोकांना मी सांगितलं होतं की भारतात प्रिंटरला नमस्कार केल्याशिवाय प्रिंट काढत नाहीत, आणि ते बिचारे महिनाभर हात जोडत होते. पण हे खरंय. तळघरात दोन फ्रिज. एक बिअरचा, एक रोझालीचा. खोक्यात माती आणि पाचोळा, त्यात ती झोपलेली. हिवाळाभर. अन्न नाही, पाणी नाही, कटकट नाही. इतका चांगला भाडेकरू मी आयुष्यात पाहिला नाही.

त्या वर्षी फ्राऊ त्सिर्नगिबल यांचा गुडघा बदलायचा ठरला. ऑपरेशन, मग कित्येक आठवडे दूरच्या सॅनेटोरियममध्ये व्यायाम. आणि नेमकी एप्रिलमध्येच रोझालीची उठायची वेळ.

त्यांनी मला बोलावलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे एक गोष्ट मागितली होती. आई-बाबा मे महिन्यात पहिल्यांदाच जर्मनीला यायचे होते. वरची बाल्कनीवाली खोली रिकामीच होती. ती त्यांना मिळेल का?

"बघू," त्या म्हणाल्या. "आधी रोझालीचं बघू. परत आल्यावर तिची तब्येत पाहते, मग तुमच्या खोलीचं सांगते."

म्हणजे समजलं ना? आई-बाबा बाल्कनीत बसून चहा पिणार, की माझ्या खोलीत कॉटखाली सुटकेसशेजारी झोपणार, हे एका कासवाच्या हाती. हाती म्हणजे पायी.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. फ्रिजमधून काढायचं. हळूहळू उबेला आणायचं. रोज कोमट पाण्यात बसवायचं, हनुवटीपर्यंतच. पाणी ती स्वतः पिईल. डोळे उघडे आहेत का बघायचं. वजन करायचं. बागेतल्या तिच्या चौकटीत उन्हाला सोडायचं, पिवळ्या फुलांचा पाला द्यायचा. आणि एक दिवस डॉक्टरीणबाईंना दाखवून आणायचं, तारीख घेऊन ठेवली आहे.

"आणि बाकी काही करायचं नाही," त्या म्हणाल्या. "काही म्हणजे काही नाही."

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे पाहुणा आला, "काही नको हो, आत्ताच जेवून आलोय" म्हणाला, तर आपण काय करतो? गुपचूप बसतो? पोहे टाकतो! तसंच माझं झालं. "बाकी काही नाही" हे मी संकोचानं बोललेलं वाक्य समजलो. म्हटलं, बाई भिडस्त आहेत. आपण समजून घ्यायला पाहिजे.

तर ठरल्या दिवशी रोझालीला बाहेर काढली. आधी तर ती दगडच. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. मला बघितलं आणि दोन्ही मिटून घेतले.

कोमट पाण्यात बसवली. पाणी प्यायली, बरं का! पण रूप काय सांगू. मान सुरकुतलेली, पायांवरची कातडी कोरडी, पापुद्रे सुटलेले. पाठ फिकी, धुळकट. खायला समोर ठेवलं, तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला ती बाल्कनी दिसायची आणि तिच्यातून आई-बाबा हळूहळू पुसट होत चालले होते.

संध्याकाळी स्काइप लावला. तेव्हा व्हॉट्सॲपवर तोंड दिसायचं नाही हो. सांगलीहून आई. मी लॅपटॉप उचलून तिला रोझाली दाखवली.

आईनं आधी काय केलं असेल? हात जोडले!

"अगंबाई, कूर्म!" ती म्हणाली. "अरे पुष्क्या, देवळात गेल्यावर आधी कासवाला नमस्कार करतो ना आपण? तुझ्या घरी साक्षात आलंय, आणि तू त्याला टबात काय बसवलंयस?"

"आई, ते आजारी आहे. खात नाही. कातडी बघ."

आई कॅमेऱ्याजवळ आली. मला स्क्रीनवर तिचं नुसतं नाक दिसायला लागलं.

"कोरडं पडलंय. तेल लाव."

"कासवाला?"

"का? कासवाला कातडी नाही? तू जन्मलास तेव्हा असाच होतास. अस्सा. सुरकुतलेला, पापुद्रे निघालेले, दूध घ्यायचा नाहीस. महिनाभर रगडला तुला तेलानं, कोवळ्या उन्हात ठेवला, तेव्हा कुठे माणसात आलास."

मागून बाबांचा आवाज आला, "अजून नाही आलाय."

"तुम्ही गप्प बसा हो! पुष्क्या, मी दिलेलं खोबरेल आहे ना? लाव आणि उन्हात ठेव. आणि हळद-कुंकू वाहा. देवाच्या कासवाला वाहतात."

आईपुढे क्वालिटी डिपार्टमेंट चालत नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. छान ऊन. खोबरेल गोठलेलं, जर्मनीत ते वर्षातले दहा महिने मेणच असतं. बाटली हीटरवर ठेवून पातळ केली. रोझालीला आंघोळ घातली, टिपली, आणि मानेला, पायांना बोटभर तेल लावलं. अगदी बेतानं. तिनं मला ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं फ्राऊ त्सिर्नगिबल माझ्याकडे कचऱ्याचं वर्गीकरण चुकल्यावर बघायच्या.

तिला बागेतल्या चौकटीत ठेवलं. चौकटीची एक फळी जराशी सरकवली, हवा खेळती राहावी म्हणून. आणि चहा करायला आत आलो. तेवढ्यात एका मित्राचा फोन आला. अर्धा तास गेला असेल.

बाहेर येऊन बघतो, तर चौकट रिकामी!

धावलो. आणि तिथे, शेजारच्या कुंपणाच्या झुडपांपाशी, रोझाली. चरत होती!

चरत म्हणजे कशी? बकाबका! पिवळी फुलं, देठ, पानं, सगळं. मी जवळ गेलो तरी थांबेना. उचलली. मान लांब बाहेर. डोळे टपोरे. कातडी मऊ, एक पापुद्रा नाही. तेलाचा थेंबसुद्धा राहिला नव्हता, सगळं मुरलं होतं!

एका बोटभर खोबरेलात! अर्ध्या तासात!

मी तिथेच गवतावर बसलो. माझे डोळे भरून आले हो. आईला तिथूनच मनोमन नमस्कार केला.

घरात आणून वजन केलं. काट्यावर ठेवली तर आकडा एकदम वर. थोडाथोडका नाही, एखाद्या सोललेल्या नारळाएवढा वाढलेला. आता मी क्वालिटीचा माणूस. लगेच संशय आला. कशाचा? काट्याचा! बॅटरी बदलली. साखरेचं पाकीट ठेवून पाहिलं. काटा बरोबर.

मग मी स्वतःलाच विचारलं, नारळभर गवत? अर्ध्या तासात? आणि मीच उत्तर दिलं, हिवाळाभर उपाशी होती, खाईल नाहीतर काय!

शेपटीही लांब वाटली. म्हटलं, मालिश केल्यावर अंग मोकळं होतं. पाठीच्या मागच्या कडेला एक जुनी चीर दिसली. काल बघितली नव्हती. म्हणजे मी नीट बघितली नसणार, चूक माझीच. त्या चिरेत हळद भरली. मग आठवलं, हळद-कुंकू वाहायचंच आहे. मग वाहिलं. मग म्हटलं, एवढा गुण आलाय तर हात का आखडता घ्यायचा? पाठीला पण तेल चोळलं. आणि तेलावर हळद, म्हणजे काय होतं सांगायला नको. त्यात ती सांगलीची हळद! पिवळीधमक झाली रोझाली. वर मधोमध ठसठशीत कुंकू. नवरात्रातल्या देवीसमोर ठेवावी अशी!

व्हॉट्सॲपवर आमचा रेगेन्सबर्गच्या मराठी लोकांचा ग्रुप होता. इंजिनियर, पीएचडीवाले, त्यांच्या बायका. मी दोन फोटो टाकले. आधीची मरगळलेली रोझाली, नंतरची. खाली लिहिलं, "खोबरेल. अर्धा तास. प्रश्न?"

धडाधड उत्तरं. बापट काका: "माझ्या गुडघ्याला चालेल का?" त्यांच्याच सौ.: "अहो, आधी डोक्याला लावा."

आणि नेहा. नेहा तिथे युनिव्हर्सिटीत जीवशास्त्रात पीएचडी करत होती. तिनं लिहिलं, "पुष्कर, फेकू नकोस. हे दुसरं कासव आहे."

मला इतका राग आला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मी या ग्रुपवर काहीतरी खरं सांगत होतो. पहिल्यांदा! मी चिडून लिहिलं, "तुला विज्ञान कळतं, पण खोबरेल कळत नाही."

ते वाक्य तिनं नंतर आपल्या थीसिसच्या पार्टीला सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पण ते पुढचं.

सोमवारी दारावर टकटक. शेजारचे हेर लेनर, म्हणजे श्रीयुत लेनर. रेल्वेतून रिटायर झालेले, एकटेच, सभ्य माणूस. डोळे लाल.

"माझा लुडविग हरवलाय," ते म्हणाले. "शनिवारपासून."

"लुडविग?"

"माझं कासव."

शेजारी कासव आहे, हे मला तेव्हा कळलं. मी शरद ऋतूत राहायला आलो, तेव्हा लुडविगही फ्रिजमध्ये गेलेला. आता तुमच्या मनात जे आलंय ना, ते माझ्याही मनात यायला हवं होतं. जरा तरी. पण नाही आलं. शपथेवर सांगतो, नाही आलं. कारण त्यांच्या हातात पत्रकं होती, आणि त्यावर लुडविगचा फोटो. तपकिरी. मळकट. खाली लिहिलेलं, "स्वभाव लाजाळू." आणि माझी? सोन्यासारखी पिवळी, पाठीवर कुंकू लावून माणसात वावरणारी! काही संबंध तरी आहे?

मी म्हटलं, "हेर लेनर, काळजी करू नका. मी आहे."

आणि मी होतो! रोज ऑफिसातून आलो की आम्ही दोघं लुडविगला शोधायला. मी अख्ख्या मोहल्ल्यात पत्रकं चिकटवली. खांबांवर, बस स्टॉपवर, बेकरीच्या दारावर. गटारात उतरून बॅटरी मारून पाहिली. मी "लुडविऽग" अशी हाक मारायला लागलो की खिडक्या उघडायच्या. रोज परत येताना हेर लेनर आपल्या कंपोस्टच्या ढिगाशेजारी एक ताटली ठेवायचे, पाला आणि पाणी, लुडविग परत आला तर असू दे म्हणून.

"रोज रिकामी होते," ते म्हणाले. "पण तो हेजहॉग असणार. या बागेत हेजहॉग फार." हेजहॉग म्हणजे तिकडचं छोटंसं साळिंदर.

"अर्थात, हेजहॉगच," मी म्हटलं. तज्ज्ञासारखं.

एका संध्याकाळी ते कुंपणापाशी उभे होते. मी रोझालीला आंघोळ घालून उन्हाला आणली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही भारतीय जात आहे का?"

"नाही, ही आपली रोझाली."

"रोझाली? इतकी सुंदर?" त्यांनी मोठा सुस्कारा टाकला. "माझा लुडविग असा कधीच चमकला नाही. मीच लक्ष दिलं नाही त्याच्याकडे. म्हणून गेला असेल."

इतकं वाईट वाटलं मला! मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एका हातात त्यांचाच लुडविग, आणि दुसरा हात त्यांच्या खांद्यावर. म्हटलं, "सापडला ना, की मी तुम्हाला तेल देतो."

"खरंच?"

"अर्धी बाटली."

ते हसले. आठवड्यात पहिल्यांदा. मला वाटलं, देशाचं नाव काढलं आपण.

डॉक्टरीणबाईंकडे जायचा दिवस उजाडला. त्याच दुपारी फ्राऊ त्सिर्नगिबल घरी यायच्या होत्या. मी सुट्टी काढली. माझ्याकडे गाडी नव्हती. दिवसभर गाड्यांची दारं मोजतो, पण बसायला एक नाही. हेर लेनर म्हणाले, "मी सोडतो. मला तिथेही पत्रक लावायचंच आहे."

म्हणजे चित्र बघा. हेर लेनर गाडी चालवताहेत. शेजारी मी. माझ्या मांडीवर खोकं. आणि वाटभर हेर लेनर लुडविगच्या आठवणी सांगताहेत. त्याला टरबूज कसं आवडायचं, त्यांचा आवाज ऐकून मान कशी वर करायचा.

खोक्यातून मान वर आली.

"बघा," मी म्हटलं, "रोझालीलाही तुमचा आवाज आवडतो."

"फार प्रेमळ आहे," ते म्हणाले, आणि रुमालानं नाक शिंकरलं.

डॉक्टरीणबाई चटपटीत होत्या. खोक्यात डोकावल्या आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे किती दिवसांपासून?"

"काय?"

"हा पिवळेपणा! लिव्हर गेलंय की काय?"

त्यांनी हातमोजे चढवले. ओल्या बोळ्यानं पाठ पुसली. बोळा पिवळा. त्यांनी तो नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा हुंगला.

"नारळ?"

"मालिश," मी म्हटलं. ताठ मानेनं. "आमच्याकडची पद्धत आहे. परिणाम बघताय ना?"

"आणि हे लाल?"

"ते धार्मिक."

त्यांनी कासव उलटं केलं. शेपटी पाहिली. मग मागच्या कडेची ती चीर. हळद कोरून काढली. आणि थांबल्या.

"ही रोझाली नाही," त्या म्हणाल्या. "हा नर आहे. आणि ही चीर मीच जोडली आहे, गवत कापायच्या मशीननं झाली होती." त्यांनी मान वर केली. "हेर लेनर, हा तुमचा लुडविग."

हेर लेनरच्या हातातली पत्रकं खाली पडली. त्यांच्या सगळ्यांत वरच्या पत्रकावरचा लुडविग माझ्याकडे बघत होता, टेबलावरचा लुडविगही बघत होता. त्या खोलीत आम्ही चौघं होतो, आणि सगळ्यांत कमी आश्चर्य त्यालाच वाटलेलं.

"लुडविग?" हेर लेनर कुजबुजले.

मान वर.

त्यांनी त्याला उचलून छातीशी धरलं. स्वच्छ इस्त्री केलेला पांढरा शर्ट होता. होता.

"जिवाला धोका नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तेल कासवाला लावत नाहीत. धूळ बसते, कवचाचं नुकसान होतं. रोज कोमट पाणी आणि मऊ ब्रश. रंग जायला उन्हाळा लागेल."

मग हेर लेनर सावकाश माझ्याकडे वळले.

"मग रोझाली कुठे आहे?"

रोझाली. जिनं हिवाळाभर काही खाल्लं नव्हतं. जिला मी शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारी. त्यानंतर रात्री इतक्या थंड होत्या की गाड्यांच्या काचांवर बर्फ. आणि मी आठवडाभर दुसऱ्याच्या निरोगी कासवाला तेल चोळत बसलो होतो. बाल्कनी विसरा हो. त्या बाईंना नवऱ्यानं दिलेलं कासव होतं ते. त्यांना सांगायचं काय?

परतीच्या वाटेवर मला वाटलं, आता हा माणूस मला पोलिसात देणार. घराशी पोचल्यावर हेर लेनरनी गाडी बंद केली आणि म्हणाले, "तुम्ही माझ्या लुडविगसाठी गटारात उतरला होतात. चला."

लुडविगला कडेवर घेऊन ते, आणि गुडघ्यांवर रांगत मी. आमची बाग झाली. झुडपं झाली. त्यांची बाग सुरू केली. "रोझाली! रोझालीऽ!" पलीकडची खिडकी उघडली, कुणा म्हातारबुवांनी पाहिलं, "आता नाव बदललं?" म्हणाले आणि लावून घेतली.

हेर लेनर कंपोस्टपाशी थांबले. ताटलीकडे बघत.

"सकाळी भरली होती," ते म्हणाले. "आता अर्धी आहे."

"हेजहॉग," मी म्हटलं.

"हेजहॉग रात्री खातो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग त्या ढिगाकडे. कंपोस्टचा ढीग आतून गरम असतो, हे मला तेव्हा त्यांनीच सांगितलं. थंडीत हात घातला तर ऊब लागते.

आम्ही मागे सरकलो आणि गवतावर बसलो. दोन पुरुष आणि एक पिवळं कासव. श्वास धरून. बराच वेळ काही नाही. मग ढिगाच्या खालच्या अंगाची पानं हलली. एक पाय बाहेर आला. मग मान. आणि मग, राणी दरबारात यावी तशी, रोझाली आली. आमच्याकडे ढुंकूनही न बघता ताटलीपर्यंत चालत गेली आणि जेवायला बसली.

कातडी मऊ. डोळे काचेसारखे. पाठ घट्ट, स्वच्छ. गुटगुटीत!

मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"रोझाली?"

दोन कुबड्यांवर फ्राऊ त्सिर्नगिबल. टॅक्सी कधी आली, कळलंच नाही. त्या कुंपणाच्या फटीतून बघत होत्या.

मी उठलो. कपडे झटकले. रोझालीला अलगद उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिचे डोळे पाहिले. मानेवरून बोट फिरवलं. पाय चाचपले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मी प्रथमच पाहत होतो, हसू.

"इतकी छान तर ती कधीच उठली नव्हती," त्या म्हणाल्या. "काय केलंत तुम्ही?"

आता सांगा, अशा वेळी माणसानं काय म्हणावं? मी मान जराशी झुकवली. "विशेष काही नाही," म्हटलं. "मोकळं सोडलं."

"गेनाऊ!" त्या म्हणाल्या. "हेच! लोक फार हात लावतात."

छाती अशी फुगली माझी! आणि खोटं कुठे होतं त्यात? एक अक्षर खोटं नव्हतं! ऑफिसात फटी मोजून कधी इतकं कौतुक झालं नव्हतं माझं.

पण जर्मन माणसाचं एक असतं. त्याला अर्धवट सांगितलेलं चालत नाही. हेर लेनर मागून पुढे आले. छातीशी लुडविग. शर्ट पिवळा. लुडविगच्या पाठीवर कुंकू.

"हे काय?" फ्राऊ त्सिर्नगिबल म्हणाल्या.

आणि हेर लेनरनी सांगितलं. पहिल्यापासून. तेल, हळद, मीच त्यांना सांगितलेली काट्याची बॅटरी, हेजहॉग, अर्धी बाटली. रागानं नाही हो, कौतुकानंही नाही. गाडी उशिरा का आली हे स्टेशनवर सांगतात ना, तसं. फ्राऊ त्सिर्नगिबल ऐकत होत्या. हसू कुठे गेलं ते कळलं नाही. मी रोझालीला धरून उभा. रोझाली माझा अंगठा चावत होती.

सगळं सांगून झालं.

माझं म्हणणं, आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मग विचारूनच टाकावं. म्हटलं, "फ्राऊ त्सिर्नगिबल, ते वरच्या खोलीचं... माझे आई-बाबा..."

"येऊ द्यात," त्या लगेच म्हणाल्या.

मला खरंच वाटेना. "खोली देताय?"

"देते म्हणजे? यायलाच पाहिजेत ते. किती दिवस राहणार?"

"तीन महिने. व्हिसा तेवढाच मिळतो."

त्यांनी लुडविगकडे पाहिलं. हेर लेनरच्या शर्टाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, खालपासून वरपर्यंत. चेहऱ्यावर काळजी. खरीखुरी, आईसारखी.

"तीनच?" त्या म्हणाल्या. "आणि मग ते गेल्यावर तुमच्याकडे कोण बघणार?"